जुफैरमध्ये मोठा कुत्रा सांभाळताना

“एवढा मोठा कुत्रा फ्लॅटमध्ये कसा सांभाळता हो?” मंडळाच्या कार्यक्रमात हा प्रश्न हमखास येतो. म्हणून हा लेखप्रपंच.

आमचा राजा अल्सेशियन, वजन ३५ किलो. जुफैरमध्ये तर इमारतीला इमारत लागलेली. पहिल्याच जुलैत माझी चूक झाली. ऑफिसातून आल्यावर ५ वाजता त्याला डांबरी रस्त्यावर नेलं. माझ्या पायांत बूट होते, त्याच्या नव्हते. चारही पंजे भाजले. मलमपट्टीत महिन्याची शिल्लक गेली, आणि तो पंधरा दिवस लंगडला.

तेव्हापासूनचे आमचे नियम :

१) उन्हाळ्यात उजाडण्यापूर्वी आणि रात्री उशिराच फिरवावं.

२) हाताची पालथी बाजू रस्त्यावर ७ सेकंद ठेवावी. चटका बसला तर माघारी फिरावं.

३) मोकळ्या वाळूच्या प्लॉटवर काचा-खिळे पाहून, लांब दोरी बांधूनच पळवावं. बागेत शिरण्याआधी फलक वाचावा.

४) नमाजाला जाणाऱ्यांना कुत्र्याची लाळ लागलेली चालत नाही. लिफ्टमध्ये कोणी असेल तर आपण थांबावं. घाण उचलावी.

५) घरात टॉवेलात खाऊ गुंडाळून शोधायला लावावं. डोकं चालवूनही कुत्रा दमतो.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून अंग थंड करतो. दमट हवेत तेही नीट साधत नाही. फार धाप लागून तो झोकांड्या खाऊ लागला, तर आधी अंगावर गार पाणी ओतून वारा घालावा, मग लगेच डॉक्टर गाठावा.

पहाटेच्या फेरीने माझंही पोट उतरलं. जिमची फी वाचली, ती वेगळीच!