उभ्या होडीचं सुकाणू

विरार

चि. छोटीस,


तुझ्या आईचा फोन आला होता. एनसीसीच्या नौदल विभागात शिडाच्या होडीचा सराव सुरू होतोय आणि तुझा अर्ज आठवडाभर दप्तरातच पडलाय म्हणे. "आधी धीर येऊ दे, मग नाव देते," असं तुझं म्हणणं.

लहानपणी अर्नाळ्याच्या किल्ल्यात जाताना, होडी काठाशीच असताना, मी हट्टानं सुकाणू धरलं होतं. कितीही फिरवलं तरी होडीचं तोंड वळेना. तांडेल हसत होता. होडी चालू लागली की मगच सुकाणूला पाणी लागतं. उभ्या होडीत ते नुसतं लाकूड. धीराचंही तसंच आहे, पोरी. विरार फास्टमध्ये आधी चढावं लागतं, जागा मग होते.

कमांडर दिलीप दोंदे यांचं बघ. नौदलात ते पाणबुडे. शिडाच्या बोटीतून एकट्यानं जगाला फेरी मारायची, याला त्यांनी २००६ मध्ये होकार दिला, तेव्हा बोट बांधलेलीही नव्हती. गोव्यात दिवाडी बेटावर 'म्हादेई' आकाराला येत गेली आणि तिच्याबरोबर तेही शिकत गेले. १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून निघाले ते मे २०१० मध्ये परतले. एकट्यानं ही फेरी पुरी करणारे ते पहिले भारतीय. पुढे त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या नौदलाच्या सहा महिला अधिकारी २०१७-१८ मध्ये 'तारिणी'तून पृथ्वीप्रदक्षिणा करून आल्या.

तुला एवढ्या लांब कोणी पाठवत नाही. लहान होडीत सुरुवातीलाच ती मुद्दाम उलटवायला लावतात. मग तिच्या पोटातून निघालेल्या फळीवर उभं राहून, काठ धरून मागे रेलायचं, की होडी सरळ होते. नाकातोंडात पाणी जाईल, रडूही येईल. पण स्वतःच्या वजनानं एकदा ती सरळ केलीस, की उलटण्याची भीती निम्मी होते. वारा समोरून असला, तर थेट पुढे जाता येत नाही. कधी डावीकडे, कधी उजवीकडे तिरकं घेत जावं लागतं. वर्गात उत्तर देताना अडखळलीस, तर हे आठव. वाट वाकडी झाली म्हणून चुकली असं नाही.

मात्र लाइफ जॅकेट न घालता मिरवणं म्हणजे धाडस नव्हे. अर्नाळ्याचे कोळी पिढ्यान्‌पिढ्या दर्यावर जातात, तरी भर पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात. त्यांना कुणी भित्रे म्हणत नाही. वारा पाहून माघारी वळणं हेही शिकून घे.

तेव्हा अर्ज बाहेर काढ, आईची सही घे. दिवाळीत आलीस की किल्ल्यात जाऊ. तांडेलाला सांगून सुकाणू तुझ्या हाती देईन. पण होडी सुटल्यावरच.

तुझा,
मामा