दातांची तार आणि संत्र्यांचा हंगाम

पांढुर्णा-सौंसर हा संत्र्यांचा मुलूख. दातांना तार लावलेल्यांनी येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी : दात तारेने किडत नाहीत. तारेभोवती साचलेल्या थरातील जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात, त्याने दात किडतात व तार काढल्यावर पांढरे डाग उरतात.

संत्र्यातील आम्लानेही दाताचे कवच काही वेळ मऊ पडते. म्हणून फळ खाताच चुळा भराव्यात. ब्रश अर्ध्या तासाने, फ्लोराइडयुक्त पेस्टने, तारेच्या वर आणि खाली फिरवावा. तारेखालच्या फटींसाठी बारीक ब्रश घ्यावा. अलाइनर असल्यास खाताना काढून थंड पाण्याने धुवावेत. गरम पाण्याने त्यांचा आकार बिघडतो.

दात सरळ झाले, पण डागाळले, तर या व्यवहारात नफा कोणता?