खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियमला भोके का पडतात?

खाडीकाठच्या अनेक विहिरींचे पाणी एप्रिल-मे महिन्यांत मचूळ होते. अशा विहिरीवर तुषार सिंचनाचे ॲल्युमिनियमचे पाईप वापरले, की पाईप वरून चांगला दिसतो, पण आतून पांढरी भुकटी धरतो. ती खरवडली की खाली सुईच्या टोकाएवढे भोक निघते. "ॲल्युमिनियम गंजत नाही म्हणून तर महाग पाईप घेतले, मग हे काय?" असे शेतकरी बंधू विचारतात. त्यांचा प्रश्न रास्त आहे.

खरे पाहता ॲल्युमिनियम हा फार लवकर गंजणारा धातू आहे. हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा थर चढतो. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यांतील दोन-चार भागांइतकीच या थराची जाडी असते. परंतु तो घट्ट चिकटलेला असल्याने खालचा धातू सुरक्षित राहतो. लोखंडाचा गंज पोकळ असतो, त्यातून पाणी आत शिरते. हा दोघांतील फरक.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात व त्यांपैकी सुमारे 19 ग्रॅम क्लोराइड असते. हे क्लोराइड थरातील कच्ची जागा गाठते व तेथे तो फोडते. उघडा पडलेला धातू विरघळू लागतो. त्या बारीक खड्ड्यात आम्ल तयार होते, आम्लामुळे आणखी क्लोराइड आत ओढले जाते आणि खड्डा खोल होत जातो. म्हणूनच पाईप सगळीकडून न झिजता एकाच जागी आरपार जातो. गाळाखाली, वायसरखाली किंवा पाणी साचून राहते तेथे हे अधिक घडते. आपल्या घरातील बायामाणसे आगळ किंवा लोणचे जर्मनच्या भांड्यात ठेवू देत नाहीत, त्यामागे हेच शास्त्र आहे. तेथे मीठ आणि आंबट दोन्ही एकत्र येतात.

यावर एक सोपा प्रयोग करून पाहावा. काचेच्या दोन पेल्यांत मोरचुदाचे निळे पाणी घ्यावे. दोन्हींत पोळ्या गुंडाळण्याच्या फॉईलची एकेक पट्टी बुडवावी. एका पेल्यात चिमूटभर मीठ टाकावे. बिनमिठाच्या पेल्यात बराच वेळ विशेष काही घडत नाही. मिठाच्या पेल्यात मात्र थोड्याच वेळात बुडबुडे येतात, पाणी कोमट होते व पट्टीवर तांबूस थर बसून ती विरू लागते. मिठाने थर फोडला, मग तांब्याने काम तमाम केले. (प्रयोग उघड्यावर करावा, मुलांना दूर ठेवावे.) बोर्डो मिश्रणात विळा बुडवून आपण जो तांबूस थर पाहतो, तोच हा प्रकार.

यावरून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. मोरचूद प्लॅस्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यातच भिजवावे, ॲल्युमिनियमच्या नव्हे. तसेच ॲल्युमिनियमच्या पाईपला पितळी कॉक किंवा तांब्याची जोडणी थेट लावू नये. खाऱ्या पाण्यात दोन धातू एकमेकांना टेकले की बॅटरीसारखा प्रवाह सुरू होतो आणि त्यात ॲल्युमिनियम खर्ची पडते. मध्ये प्लॅस्टिकचा तुकडा घालावा. जस्त चढवलेले नटबोल्ट त्या मानाने चालतात.

मचूळ पाणी वापरणे भाग असेल, तर पाळी संपल्यावर गोड्या पाण्याने पाईप धुवावेत, उतरते धरून पूर्ण निथळू द्यावेत व लाकडी ओंडक्यांवर रचावेत. खताच्या पोत्यांशेजारी किंवा ओल्या सिमेंटवर ठेवू नयेत. चुन्याचा व सिमेंटचा तीव्र अल्कलीही तो थर खातो. नवीन खरेदी करावयाची असल्यास अशा विहिरीसाठी एचडीपीई पाईपच घ्यावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. बोटींसाठी मॅग्नेशियम मिसळलेले खास ॲल्युमिनियम असते व ते समुद्रात टिकते, पण शेतीचे सगळे पाईप त्या जातीचे नसतात.

आणखी एक. पाईपला भोके पडू लागली, तर पाण्याचा नमुना तपासून घ्यावा. विद्युत वाहकता 2.25 डेसिसीमेन प्रति मीटरच्या वर गेल्यास ते पाणी बहुतेक पिकांनाही मानवत नाही. पाईप बदलून तो प्रश्न सुटणार नाही.