बर्कली डीबी उघडताना

अरे बाळा, दूध संकलन केंद्रावरच्या त्या छोट्या संगणकात बर्कली डीबी बसवायचं तुमचं ठरलं, आणि एनव्हायर्नमेंट उघडताना कुठले फ्लॅग द्यायचे एवढंच तू मला विचारलंस. फ्लॅग सांगतेच. पण त्याआधी एक गोष्ट मनात पक्की कर, कारण पुढचं सगळं तिच्यातून निघतं. या डेटाबेसला सर्व्हर नाही. पोस्टग्रेस घेतलं तर मागे त्याच्या स्वतःच्या प्रोसेस बसलेल्या असतात. तुझा प्रोग्रॅम कोसळला तरी त्याच्यामागची आवराआवर त्या करतात. इथे लायब्ररी तुझ्याच प्रोसेसमध्ये चालते. लॉक तुझाच थ्रेड धरतो, आणि तो मधेच मेला तर शेअर्ड मेमरीतलं लॉक तसंच धरलेलं राहतं. ते सोडवायला कोणी येत नाही. दुसरी प्रोसेस त्या लॉकसाठी थांबते ती थांबूनच राहते, आणि बघणाऱ्याला वाटतं मशीन अडकलं.

म्हणून उघडण्याचा कोड लिहायला बसशील तेव्हा पहिला प्रश्न हा ठेव: मागच्या वेळी हे नीट बंद झालं होतं का, आणि झालं नसेल तर दुरुस्ती कोण करणार? कॅश किती, लॉग कुठे, हे प्रश्न नंतरचे.

आधी जागा. एनव्हायर्नमेंटला स्वतःची वेगळी डिरेक्टरी दे, आणि ती त्याच मशीनच्या डिस्कवर असू दे. नेटवर्कवरच्या सामायिक ड्राइव्हवर ठेवायचा मोह होईल, म्हणजे तालुक्याच्या ऑफिसातून थेट वाचता येईल असं कोणीतरी सुचवेल. ठाम नाही म्हण. डबल अंडरस्कोर डीबी डॉट 001 अशा नावांच्या ज्या फाइली तिथे तयार होतात त्या शेअर्ड मेमरीच्या आहेत. एनएफएससारख्या फाइल सिस्टिमवर त्या चालत नाहीत. डिरेक्टरीची मालकी ज्या युझरखाली तुमची सेवा चालते त्याचीच ठेव. आणि तपासणीची साधनं, म्हणजे डीबी_स्टॅट, डीबी_रिकव्हर वगैरे, रूट होऊन कधी चालवू नकोस. रिकव्हरी शेअर्ड मेमरीच्या फाइली नव्याने बनवते. त्या रूटच्या मालकीच्या झाल्या की सकाळी सेवा उघडायला जाते आणि परवानगी नाही म्हणून परत येते. बर्कली डीबीवर ओपनएलडीएपी हा डिरेक्टरी सर्व्हर चालवणाऱ्या कितीतरी लोकांनी यात रात्री घालवल्या आहेत.

हँडल तयार केल्या केल्या, बाकी काहीही सेट करण्याआधी, चुकांचे संदेश कुठे जायचे ते ठरवून टाक. फंक्शन तुला नुसता एक आकडा परत देतं. खरं कारण संदेशात असतं. सोबत प्रोग्रॅमचं नाव उपसर्ग म्हणून लाव, म्हणजे वजन नोंदवणारी प्रोसेस बोलली की पावती छापणारी, ते कळेल.

आता फ्लॅग. तुमच्याकडे पैशाचा हिशेब आहे, तेव्हा पूर्ण व्यवहारी संच घे: मेमरी पूल, लॉक, लॉग आणि ट्रान्झॅक्शन हे चारही भाग, वर क्रिएट. थ्रेड एकापेक्षा जास्त असतील तर थ्रेडचा फ्लॅगही. लॉगशिवाय किंवा लॉकशिवाय उघडता येतं आणि चाचणीत ते वेगवानही वाटतं, पण मधेच वीज गेल्यावर फाइलचं अर्धं लिहिलेलं पान दुरुस्त करायला मग हाताशी काही उरत नाही. प्रायव्हेट नावाचा फ्लॅग तुझ्या कामाचा नाही. तो शेअर्ड मेमरीऐवजी प्रोसेसची स्वतःची मेमरी वापरतो, म्हणून एकच प्रोसेस असेल तेव्हाच चालतो. तुमच्या तर दोन आहेत.

रिकव्हरीकडे मात्र नीट लक्ष दे. रिकव्हर फ्लॅग दिलास की लायब्ररी उघडण्याआधी लॉग वाचते, पूर्ण झालेले व्यवहार डेटाफाइलीत उतरवते, अर्धवट राहिलेले मागे घेते आणि शेअर्ड मेमरी नव्याने उभारते. हे चालू असताना त्या एनव्हायर्नमेंटमध्ये दुसरं कोणीही असता कामा नये. दोन्ही प्रोसेसनी उघडताना सरळ रिकव्हर दिलं, तर दुसरी प्रोसेस पहिलीच्या पायाखालची जमीन काढून घेते. म्हणून मालक एकच ठेव. जुनी, खात्रीची पद्धत अशी की एक पालक प्रोसेस आधी सुरू होते, एकटी रिकव्हरी करते आणि मगच बाकीच्यांना उठवते. कोणीही अवेळी मेलं तर ती सगळ्यांना थांबवून पुन्हा तेच करते. दुसरी वाट रजिस्टर फ्लॅगची. रिकव्हरच्या जोडीला तो दिला की प्रत्येक प्रोसेसची नोंद एका फाइलीत होते, आणि कोणी न सांगता गेलं असेल तरच पुढची उघडणारी प्रोसेस रिकव्हरी करते. तेव्हा जिवंत असलेल्या बाकीच्यांना रनरिकव्हरी ही चूक मिळते. ती मिळाली की हँडल बंद करून पुन्हा उघडायचं, पुन्हा पुन्हा तीच क्रिया करून बघायची नाही. अट एवढीच की झाडून सगळ्या प्रोसेसनी रजिस्टर वापरायला हवं. एकीने टाळलं तर तिच्या मरणाची नोंद कुठेच होत नाही.

सबव्हर्जन या सोर्स कोड सांभाळणाऱ्या प्रणालीचा इतिहास यासाठी माहीत असलेला बरा. तिची भांडारं सुरुवातीला बर्कली डीबीवर होती. एकाच भांडारात वेब सर्व्हरच्या प्रोसेस शिरायच्या, एसएसएचवरून वेगवेगळे युझर आपापल्या परवानग्या घेऊन शिरायचे, आणि त्यातली एखादी मधेच मारली गेली की भांडार अडकून बसायचं. मग प्रशासकाने सगळ्यांना बाहेर काढून रिकव्हरी चालवायची. डेटा बहुधा शाबूत असायचा. पण दुरुस्तीचा मालक कोण हे त्या रचनेत ठरलेलंच नव्हतं. 2004 मध्ये 1.1 आवृत्तीत त्यांनी साध्या फाइलींवर चालणारी दुसरी व्यवस्था आणली आणि लोक तिकडे वळले. माझ्या मते दोष डेटाबेसचा कमी आणि उघडणाऱ्यांच्या गर्दीचा जास्त होता.

आणखी एक सवय वेळीच तोड. इंटरनेटवर तुला सल्ला मिळेल की अडकलं तर त्या शेअर्ड मेमरीच्या फाइली हाताने पुसून टाक. आरपीएम पॅकेजच्या जगात हा उपाय वर्षानुवर्षं सर्रास चालला. फेडोराने 2020 मध्ये आरपीएमचा डेटाबेस एसक्यूलाइटवर नेला तेव्हा कुठे तो मागे पडला. एखादी प्रोसेस आत असताना त्या फाइली पुसल्या तर नव्याने येणारी प्रोसेस आपली वेगळीच लॉकची सारणी उभारते. मग दोघीही बिनधास्त एकाच पानावर लिहितात आणि डेटा सडतो. लॉगच्या फाइली तर जागा कमी पडली म्हणूनही हाताने पुसायच्या नाहीत.

एका प्रोसेसमध्ये एनव्हायर्नमेंट एकदाच उघड आणि तेच हँडल सगळ्या थ्रेडना दे. मोठ्या घरात कोठीची किल्ली एकाच बाईच्या कमरेला असते, तसा उघडण्या-बंद करण्याचा कोड एकाच फाइलीत असू दे. रजिस्टर वापरायचं तर प्रोसेसमध्ये एकदाच उघडणं ही अटच आहे. बंद करताना क्रम उलटा: आधी कर्सर, मग व्यवहार पुरे करणं किंवा मागे घेणं, मग डेटाबेस, आणि शेवटी एनव्हायर्नमेंट.

आकड्यांकडे ये. कॅश मुळात फक्त 256 केबी असते. आजच्या कामाला ती काहीच नाही. बी-ट्रीची आतली पानं कॅशमध्ये मावतील एवढी तरी दे. 500 एमबीपेक्षा कमी मागितलीस तर हिशेबाच्या जागेसाठी लायब्ररी त्यावर आपणहून 25 टक्के वाढवते, तेव्हा मशीनची मेमरी मोजताना ते धर. आणि एक फसवी गोष्ट: आधीच उभ्या असलेल्या एनव्हायर्नमेंटमध्ये तू नुसता सामील होत असशील, तर तू दिलेला कॅशचा आकार मुकाट्याने दुर्लक्षिला जातो. कोड बदलला, सेवा पुन्हा सुरू केली, तरी फरक का पडत नाही म्हणून डोकं धरून बसायच्या आधी शेअर्ड मेमरी खरंच नव्याने उभारली गेली का ते पाहा.

लॉकची मर्यादा याहून नाजूक. जुन्या 4.x मालिकेत लॉक, लॉक धरणारे आणि लॉक होणाऱ्या वस्तू या तिन्हींची मर्यादा मुळात 1000 असायची. बी-ट्रीत लॉक पानावर पडतं, नोंदीवर नाही, आणि एका व्यवहारात हात लागलेल्या पानांची लॉक व्यवहार संपेपर्यंत धरून ठेवली जातात. त्यामुळे किती लॉक लागतील हे नोंदी कुठल्या पानांवर विखुरल्या आहेत त्यावर ठरतं. तोच डेटा दोन मशीनवर असला तरी पानांची मांडणी वेगळी असू शकते.

मार्च 2013 मध्ये बिटकॉइनचं जाळं नेमकं यावर दुभंगलं. 0.8 आवृत्तीने बर्कली डीबी सोडून लेव्हलडीबी घेतलं होतं. जुन्या आवृत्त्या बर्कली डीबीवरच होत्या. 225430 क्रमांकाचा एक मोठा ब्लॉक आला. नव्या आवृत्तीने तो पचवला. जुन्यांपैकी अनेकांना तो एका व्यवहारात बसवायला लॉक पुरली नाहीत, आणि त्यांनी ब्लॉकच अवैध ठरवला. दोन साखळ्या समांतर वाढू लागल्या. शेवटी खाण चालवणाऱ्यांनी मागे जाऊन जुन्यांना मान्य असलेली साखळी पुढे नेली आणि दुसरी सोडून दिली. कमाल आकाराचे ब्लॉक चाचणीच्या जाळ्यावर आधी नीट चालले होते, म्हणून त्याहून लहान ब्लॉकला जास्त लॉक लागू शकतील हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. उघडतानाची एक मर्यादा पैशाच्या व्यवस्थेचा अलिखित नियम होऊन बसली होती. म्हणून तू अंदाजाने आकडा घालू नकोस. महिनाअखेरीचा सर्वांत जड व्यवहार चालव, डीबी_स्टॅटकडे लॉकची आकडेवारी माग, एका वेळी जास्तीत जास्त किती वापरली ते बघ, आणि त्याच्या कितीतरी वर मर्यादा ठेव.

त्या प्रसंगी जुन्या आवृत्त्या चालवणाऱ्यांना नवा प्रोग्रॅम न घेता तरून जाता आलं, ते डीबी_कॉन्फिग या फाइलीमुळे. एनव्हायर्नमेंटच्या डिरेक्टरीत या नावाची साधी मजकूर फाइल ठेवली की उघडताना ती वाचली जाते, आणि कोडने आधी जे सेट केलं असेल त्यावर तिचंच चालतं. तिच्यात लॉक आणि वस्तू यांची मर्यादा वाढवणाऱ्या दोन ओळी घातल्या की भागत होतं. तुम्हीही आकडे तिथेच ठेवा. कॅशच्या ओळीत तीन आकडे लागतात: गिगाबाइट, उरलेले बाइट आणि कॅशचे तुकडे, 0, 268435456 आणि 1 लिहिलं की 256 एमबी. गावोगावच्या केंद्रांवर मशीन वेगवेगळी असतील, तेव्हा फाइल बदलणं सोपं पडेल. फक्त ती फाइलही कोडबरोबर जपून ठेव, नाहीतर सहा महिन्यांनी कोडमधला आकडा वाचणारा माणूस फसतो.

डेडलॉक शोधणं उघडतानाच चालू कर. केलं नाहीस तर दोन व्यवहार एकमेकांची वाट बघत बसतील आणि कुठे अक्षर उमटणार नाही. चालू केलंस की एकाला डेडलॉकची चूक मिळेल; तो व्यवहार मागे घेऊन पहिल्यापासून करायचा कोड लागतोच.

चेकपॉइंट बर्कली डीबी स्वतःहून घेत बसत नाही. त्यासाठी एक थ्रेड ठेव, कारण वीज आल्यावर रिकव्हरीला लागणारा वेळ शेवटच्या चेकपॉइंटनंतर साचलेल्या लॉगवर अवलंबून असतो, आणि केंद्रावर तोवर कॅन घेऊन रांग लागलेली असते. लॉग शक्य तर वेगळ्या डिस्कवर. बॅकअप घेताना आधी डेटाफाइली, मग लॉग. क्रम उलटला तर तो बॅकअप कामाचा नाही.

परवान्याचंही बघ. 2013 मधल्या 6.0 आवृत्तीपासून ओरॅकलने एजीपीएल लावलं, म्हणून बऱ्याच लिनक्स वितरणांनी 5.3 वरच मुक्काम ठेवला. कुठली आवृत्ती जोडताय हे तुमच्या कंपनीला आधीच विचार. दोन प्रोसेसना दोन वेगळ्या आवृत्त्या जोडल्या गेल्या तर एनव्हायर्नमेंट उघडणारच नाही.

हे सगळं जड वाटलं तर एलएमडीबी बघ. ओपनएलडीएपीच्या हॉवर्ड चू यांनी बर्कली डीबीची कॅश आणि लॉक जुळवण्याच्या याच त्रासापायी ते 2011 मध्ये लिहिलं. तिथे रिकव्हरी नाही, लॉग नाही, लिहिणारा एका वेळी एकच. पण मेमरी-मॅपचा आकार मुळात 10 एमबी आहे, तो आधीच भरपूर वाढवावा लागतो. एकाच प्रोसेसमध्ये तीच फाइल दोनदा उघडायची सक्त मनाई आहे. आणि वाचणारा व्यवहार तासन्‌तास उघडा राहिला तर फाइल फुगत जाते. तुमच्यासारख्या कामाला मी आज तेच निवडलं असतं.

कुठलंही घे, केंद्रावर पाठवण्याआधी लिहिणं चालू असताना प्रोसेस मारून बघ, आणि मग वेगळ्याने प्लगही उपटून बघ. या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. डिस्कवर पोचेपर्यंत थांबायचं नाही असा फ्लॅग कोणी वेगासाठी लावला असेल, तर त्याचा सौम्य प्रकार प्रोसेस मारल्यावर पास होतो, कारण लिहिलेलं ऑपरेटिंग सिस्टिमपाशी सुरक्षित असतं. प्लग काढल्यावर मात्र पावती शेतकऱ्याच्या हातात असते आणि नोंद डेटाबेसमध्ये नसते. पावती छापण्याआधी नोंद डिस्कवर पोचलीच पाहिजे, तेव्हा तो फ्लॅग तुमच्या कोडमध्ये कुठे आहे का ते आजच शोध.