पूल आणि पट्टा

इ. स. १८५९ मध्ये लंडन शहरात एक लहानसे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याचे नाव 'ऑन लिबर्टी', म्हणजे 'स्वातंत्र्याविषयी', आणि त्याचा कर्ता जॉन स्टुअर्ट मिल हा त्या काळचा थोर तत्त्वचिंतक. समाजाने व्यक्तीवर किती सत्ता चालवावी, हा त्या पुस्तकाचा विषय. मिलचे उत्तर थोडक्यात असे होते : एखाद्याच्या कृत्याने दुसऱ्याला इजा पोहोचत असेल, तर समाजाने त्याला अवश्य अडवावे, परंतु ज्या कृत्याचा बरावाईट परिणाम केवळ त्याच्या स्वतःवर होतो, तेथे समाजाने त्याला समजवावे, विनवावे, हवे तर त्याच्याशी वाद घालावा, पण सक्ती करू नये. 'हे तुझ्याच हिताचे आहे' एवढे कारण सक्तीला पुरेसे नाही. आपल्याकडे गोपाळ गणेश आगरकर यांच्या पिढीने मिलचे ग्रंथ मोठ्या आवडीने अभ्यासले होते. आगरकरांच्या लेखांत व्यक्तिस्वातंत्र्याचा जो कैवार आढळतो, त्यामागे या वाचनाचाही वाटा होता.

याच पुस्तकात मिलने एक दृष्टांत दिला आहे. एक मनुष्य पुलावरून पलीकडे निघाला आहे. पूल कोसळण्याच्या बेतात आहे, हे पाहणाऱ्याला पक्के ठाऊक आहे. वाटसरूला ते ठाऊक नाही, आणि सावध करण्याइतका अवधीही नाही. अशा वेळी त्याचा दंड धरून त्याला मागे ओढले, तर त्याच्या स्वातंत्र्यावर घाला पडतो काय? मिल म्हणतो, नाही. स्वातंत्र्य म्हणजे आपल्या मनाजोगे करणे, आणि नदीत पडावे असे तर त्याच्या मनात मुळीच नव्हते. येथपर्यंत कोणीही मान डोलवील. पुढचे पाऊल मात्र अवघड आहे. पूल पडेलच असे नाही. कदाचित पडेल, कदाचित तगेल, अशी स्थिती असेल तर? तर, मिलच्या मते, त्या माणसाला धोक्याची सूचना द्यावी आणि आपण बाजूला व्हावे. धोका पत्करावा की नाही, हे त्याचे त्याने ठरवावे. याला त्याने अपवाद ठेवला तो मुलांचा, आणि ज्यांची विचारशक्ती त्या वेळी ठिकाणावर नाही अशांचा.

मिलच्या काळी रस्त्यांवर मोटारी नव्हत्या. परंतु बरोबर शंभर वर्षांनी, १९५९ मध्ये, स्वीडन देशात एक वस्तू बाजारात आली आणि तिने मिलचा हा पूल पुन्हा सर्वांच्या समोर आणून उभा केला.

ती वस्तू म्हणजे मोटारीत बसणाऱ्याच्या छातीवरून आणि मांडीवरून जाणारा पट्टा. तो तयार करणारा अभियंता निल्स बोहलिन हा पूर्वी विमानांच्या कारखान्यात होता. संकटकाळी वैमानिकाला आसनासकट विमानाबाहेर फेकणारी यंत्रणा तो तेथे आखीत असे. पुढे तो व्होल्व्हो या मोटारकंपनीत आला. नुसता कमरेचा पट्टा मोटारींत त्याआधीही होता. परंतु जोराचा धक्का बसला की कमरेवरचे शरीर पुढे झुगारले जाई आणि कधी कधी पट्टाच पोटात रुतून इजा करी. बोहलिनने आणखी एक गोष्ट हेरली होती. वैमानिक जिवासाठी वाटेल ते ओझे अंगावर चढवितो. रस्त्यावरच्या माणसाला मात्र क्षणाचीही अडचण खपत नाही. म्हणून त्याने दोन्ही पट्टे कमरेच्या बाजूला एकाच खटक्यात अडकतील अशी रचना केली. एका हाताने ओढायचे आणि खटका दाबायचा, की झाले. या रचनेचे पेटंट कंपनीकडे होते. तरी तिने इतर कारखानदारांनाही ती वापरू दिली.

पट्ट्याचे काम काय, हे जडत्वाचा नियम शिकलेल्या मुलांना सहज उमगेल. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार भिंतीवर आदळली, की मोटार थांबते. आत बसलेला माणूस थांबत नाही. तो त्याच वेगाने पुढे जात राहतो, आणि समोरची काच किंवा पुढचे आसन त्याला थांबविते. हा आघात सुमारे १४ मीटर उंचीवरून, म्हणजे चार-पाच मजली इमारतीच्या गच्चीवरून, जमिनीवर पडण्याइतका असतो. तेवढ्या उंचीवरून पडणाऱ्याला हात टेकून स्वतःला सावरता येत नाही. तसेच पुढचे आसन हातांनी घट्ट धरून हा वेगही आवरता येत नाही. पट्टा किंचित ताणला जातो, आणि तो आघात छातीच्या पिंजऱ्यावर व कमरेच्या मजबूत हाडांवर वाटून देतो.

इतकी सोपी आणि इतकी उपयुक्त वस्तू हाताशी असताना माणसे ती वापरतील, असे कोणालाही वाटेल. माणसांनी ती वापरली नाही. मोटारींत पट्टे लोंबत राहिले आणि माणसे रस्त्यांवर मरत राहिली. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात १९७० साली १०६१ माणसे रस्त्यांवर मृत्युमुखी पडली. त्याच वर्षाच्या डिसेंबर महिन्यात त्या राज्याने पट्टा बांधण्याची सक्ती करणारा कायदा अमलात आणला. हा जगातील तसला पहिला कायदा होय.

मिलच्या स्वतःच्या देशात मात्र ही गोष्ट इतक्या सहजासहजी झाली नाही. पट्टे बसविण्याची सक्ती कारखान्यांवर १९६० नंतरच्या दशकातच झाली होती. ते बांधण्याची सक्ती माणसांवर करावी काय, यावर ब्रिटिश पार्लमेंटमध्ये वर्षानुवर्षे वाद चालला. विधेयके आली आणि बारगळली. विरोध करणारे सगळे पट्ट्याचे शत्रू होते असे मात्र नव्हे. त्यांतील कित्येक स्वतः पट्टा बांधीत आणि इतरांनाही बांधा म्हणत. त्यांचा आक्षेप निराळा होता. ज्याने कोणाचेही काही बिघडविले नाही, अशा माणसाला केवळ स्वतःच्या जिवाबद्दल तो बेफिकीर आहे म्हणून गुन्हेगार ठरविणे त्यांना पटत नव्हते. आज पट्टा, उद्या कोणी कड्यावर चढू नये, परवा कोणी तंबाखू ओढू नये, असेही कायदे निघतील. त्यांना थांबविणार कोण? यावर दुसरी बाजू म्हणे, जखमी माणूस काही रानात एकटा पडत नाही. त्याला दवाखान्यात न्यावे लागते, त्याचा खर्च सर्वांच्या करांतून होतो, आणि त्याच्या घरी बायकामुले असतात. जॉन ॲडम्स नावाच्या भूगोलाच्या अभ्यासकाने तर वेगळीच शंका काढली. पट्टा बांधलेला चालक आपण सुरक्षित आहोत या भावनेने अधिक जोरात मोटार हाकील, आणि त्याचे प्रायश्चित्त रस्त्याने पायी जाणाऱ्यांना भोगावे लागेल, असे त्याचे म्हणणे होते.

अखेरीस १९८१ साली पार्लमेंटने कायदा संमत केला, आणि ३१ जानेवारी १९८३ पासून मोटारीच्या पुढच्या आसनांवर पट्टा बांधणे सक्तीचे झाले. तोही सरसकट नव्हे. तीन वर्षांनी पार्लमेंटने पुन्हा विचार करून दुजोरा दिला, तरच तो टिकावा अशी अट त्यात घातलेली होती. स्वातंत्र्यावर बंधन घालताना त्या लोकांना वाटलेला हा संकोच ध्यानात घेण्याजोगा आहे. १९८६ मध्ये तो दुजोरा मिळाला.

या तीन वर्षांत एक चमत्कारिक गोष्ट दिसून आली. सक्तीपूर्वी अनेक वर्षे प्रचार करूनही दहांपैकी सुमारे चारच जण पट्टा बांधीत होते. सक्ती होताच दहांपैकी नऊंहून अधिक जण तो बांधू लागले, आणि तेही बहुतेक कुरकुर न करता. मग आदल्या दिवसापर्यंत पट्टा न बांधणारे ते पाच-सहा जण काय करीत होते? विचार करून धोका पत्करला होता काय त्यांनी? तसे असते, तर लहानशा दंडाच्या भीतीने त्यांनी आपले मत इतक्या मुकाट्याने सोडले नसते. त्यांनी काही ठरविलेच नव्हते. ते विसरत होते, आळस करीत होते, 'एवढ्याशा अंतरासाठी कशाला' असे म्हणत होते. मिलच्या पुलावरचा वाटसरू नदीत पडण्याची इच्छा धरून निघाला नव्हता. तसेच हेही होते. परंतु दहावा मनुष्य उरतोच. त्याने पुरता विचार केलेला असतो, धोका समजून घेतलेला असतो, आणि तरीही त्याला पट्टा नको असतो. त्याच्यावरची सक्ती ही खरीखुरी सक्ती आहे, आणि तिला दुसरे गोड नाव देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

त्या दहाव्या माणसाची बाजू घेणारे एक राज्य अमेरिकेत आहे. न्यू हॅम्पशायर हे त्याचे नाव. न्यूयॉर्क राज्याने १९८४ साली पट्ट्याची सक्ती केली आणि मागोमाग इतर राज्यांनीही केली. न्यू हॅम्पशायरने प्रौढांसाठी तसा कायदा केलेला नाही. 'स्वतंत्र जगा, नाहीतर मरा' हे या राज्याचे ब्रीद. १९७१ पासून ते मोटारींच्या नंबरप्लेटवरही छापलेले असे. गंमत अशी, की तेथील एका नागरिकाला हे ब्रीद आपल्या धर्मश्रद्धेमुळे मान्य नव्हते. त्याने आपल्या मोटारीवरील ती अक्षरे झाकून टाकली. त्याबद्दल त्याला दंड झाला, आणि दंड भरण्याचे नाकारल्यामुळे पंधरा दिवस तुरुंगवासही घडला! १९७७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्याच्या बाजूने दिला. स्वातंत्र्याची घोषणा सक्तीने मिरवायला लावण्याचा अधिकार राज्याला नाही, असे ठरले. मात्र याच राज्यात अठरा वर्षांखालील मुलांना पट्टा सक्तीचा आहे.

भारतात पट्ट्याचा नियम मागच्या आसनांनाही लागू आहे. पण मागे बसून पट्टा बांधणारा माणूस बरीच वर्षे दुर्मिळच होता. ४ सप्टेंबर २०२२ रोजी मुंबई–अहमदाबाद महामार्गावर, पालघर जिल्ह्यात, सूर्या नदीच्या पुलाच्या कठड्यावर एक मोटार आदळली. मागच्या आसनांवर बसलेले उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी मरण पावले. पुढे बसलेले दोघे जबर जखमी झाले, पण वाचले. मागच्या दोघांनी पट्टे बांधलेले नव्हते. त्याच वर्षी १ नोव्हेंबरपासून मुंबईच्या पोलिसांनी सर्व प्रवाशांसाठी हा नियम काटेकोरपणे लागू केला. केंद्र सरकारच्या नोंदीनुसार २०२२ या एका वर्षात देशात पट्टा न बांधलेली १६,७१५ माणसे अपघातांत मरण पावली.

मागच्या आसनाची गोष्ट मिलच्या सिद्धांताला आणखी पेचात टाकते. मागचा माणूस पट्ट्याविना असेल, तर धडक होताच त्याचे सगळे वजन पुढच्याच्या पाठीवर जाऊन आदळते, आणि पट्टा बांधलेल्या माणसाचाही जीव धोक्यात येतो. मग हे कृत्य केवळ स्वतःपुरते कसे म्हणावे?

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली जी दुरुस्ती झाली, तिने पट्ट्याविना मोटार चालविणाऱ्यास आणि पट्टा न बांधलेले प्रवासी नेणाऱ्यास १००० रुपये दंड ठरविला. त्यातच मुलांसंबंधी एक पोटकलम आहे. चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याविना किंवा मुलांसाठी केलेल्या खास आसनाविना मोटारीत बसलेले आढळले, तर दंड त्या मुलाला होत नाही. मोटार चालविणाऱ्याला होतो. मिलने पुलाच्या दृष्टांतात मुलांना वेगळे काढले होते, न्यू हॅम्पशायरनेही काढले, तसेच हे. मागे बसलेल्या बारा वर्षांच्या मुलाने पट्टा बांधला आहे की नाही, याचा जाब कायदा त्याच्या वडिलांना किंवा मामाला विचारतो. 'मला अवघडते' ही सबब मुलाची असली, तरी नाक्यावरच्या हवालदारापुढे ती सांगण्याची पाळी वडिलांवरच येते.