कड्याच्या पोटातले गाव पाहायला जाताना

घर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? चार भिंती, वर छप्पर, पुढे अंगण. पण उभ्या कड्याच्या पोटात, कपारीत बांधलेली घरे कुणी पाहिली आहेत का? अशी घरे अमेरिकेत आहेत. घरे कसली, अख्खे गावच आहे ते!

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात कोलोरॅडो नावाचे राज्य आहे. तिथे ‘मेसा वर्दे’ नावाचे एक उंच पठार आहे. आजूबाजूचा मुलूख कोरडा, वाळवंटी. पठारात खोल दऱ्या आहेत. दऱ्यांच्या कड्यांत सुमारे ६०० ठिकाणी जुनी बांधकामे आहेत. त्यांतल्या सर्वांत मोठ्या वस्तीला ‘क्लिफ पॅलेस’, म्हणजे कड्यातला महाल, म्हणतात. तिच्यात सुमारे १५० खोल्या आहेत.

आपली अजिंठा-वेरूळची लेणी दगड कोरून केलेली आहेत. ही घरे तशी नव्हेत. कपार निसर्गानेच केलेली. माणसांनी तिच्यात दगड घडवले, ते मातीच्या गाऱ्यात बसवले आणि भिंती उभ्या केल्या. या गोष्टीला सुमारे ८०० वर्षे झाली.

समजा, आपण ही घरे पाहायला जायचे ठरवले. तयारी काय करायची?

पहिली तयारी : घर कुणाचे, ते जाणून घ्या

कुणाच्या घरी जाताना घरधनी कोण, हे आपण आधी विचारतो. तसेच इथे विचारू. ही घरे पुएब्लो लोकांच्या पूर्वजांनी बांधली. ते शेतकरी होते. पठारावर मका, घेवडा आणि भोपळा पिकवत. ओघळींत दगडांच्या ताली घालून माती आणि पाणी अडवत. आपल्याकडचा मका आणि तांबडा भोपळा ही पिकेही मूळची अमेरिकेतलीच बरे का!

मग ही माणसे गेली कुठे? इ. स. १२७६ पासून १२९९ पर्यंत तिथे मोठा दुष्काळ पडला. हे कळले कसे? झाडांच्या खोडांवरून! झाडाच्या खोडात दर वर्षी एक कडे वाढते. पाऊस चांगला झाला तर कडे रुंद, पाऊस कमी झाला तर अरुंद. ही कडी मोजून जाणकारांनी एकेका वर्षाचा हिशेब लावला. दुष्काळ हे एकच कारण नव्हते. भांडणतंटेही वाढले होते. १३०० सालच्या सुमाराला लोक घरे सोडून दक्षिणेकडे गेले.

पण ते नाहीसे झाले नाहीत. होपी, झुनी आणि इतर पुएब्लो लोक त्यांचेच वंशज. आजही ते आपल्या गावांत राहतात. पूर्वजांचा वास त्या कपारींत अजून आहे, असे ते मानतात. म्हणून ही घरे ओसाड समजू नयेत.

दुसरी तयारी : हंगाम आणि तिकीट

हिवाळ्यात तिथे बर्फ पडतो. तेव्हा क्लिफ पॅलेस आत जाऊन पाहता येत नाही. उन्हाळा सुरू झाल्यावर जावे. तिकीट आधी काढावे लागते. सरकारी रखवालदार बरोबर असल्याशिवाय आत सोडत नाहीत. फाटकापासून घरांपर्यंत वळणावळणाचा लांब रस्ता आहे. म्हणून वेळेच्या बरेच आधी पोचावे. जाण्यापूर्वी सूचना नीट वाचाव्यात. ‘स्प्रूस ट्री हाऊस’ नावाची वस्ती २०१५ साली दरडी कोसळू लागल्याने बंद करावी लागली. न वाचता गेलेल्याचा हेलपाटा व्हायचा!

तिसरी तयारी : पाणी

हवा कोरडी, ऊन कडक. घाम लगेच वाळतो, त्यामुळे तहान कळत नाही. म्हणून पाणी प्रत्येकाने आपले आपण न्यावे. डोक्याला टोपी किंवा फेटा हवाच.

त्या काळी लोक पाणी कुठून आणत? पावसाचे आणि बर्फाचे पाणी पठारावरून दगडात मुरते. खाली घट्ट थर लागला की ते अडते आणि कपारीत झिरपते. असे झरे पाहूनच अनेक घरे बांधली गेली. जिथे पाणी, तिथे वस्ती.

चौथी तयारी : पाय आणि छाती

आपले कळसूबाईचे शिखर सुमारे ५,४०० फूट उंच. ही घरे सुमारे ७,००० फुटांवर आहेत. तिथे चालताना दम लागतो. क्लिफ पॅलेसला दगडी पायऱ्या आणि शिड्या चढाव्या लागतात. ‘बाल्कनी हाऊस’ला तर ३२ फुटांची शिडी आहे, आणि एका अरुंद बोगद्यातून रांगत जावे लागते. ज्याचे गुडघे दुखतात, ज्याला छातीचा विकार आहे, त्याने हट्ट करू नये. समोरच्या कड्यावरूनही घरे छान दिसतात.

पाचवी तयारी : रिकामे हात

जाताना हात रिकामे, येतानाही रिकामेच हवेत. खापराचा तुकडासुद्धा उचलू नये. भिंतीला टेकू नये, तिच्यावर नाव कोरू नये.

एवढे का सांगायचे? १८८८ सालच्या डिसेंबरात दोन गोऱ्या गुराख्यांनी क्लिफ पॅलेस पाहिला. तिथल्या युट लोकांना तो आधीपासून ठाऊक होता. पण ही बातमी बाहेर पसरली आणि वस्तू नेणारे धावले. १८९१ साली स्वीडनच्या एका तरुण संशोधकाने तिथे खणले. भांडी नेली, पुरलेल्या माणसांची हाडेसुद्धा नेली. ती पुढे फिनलंड देशात गेली. वंशजांनी ती परत मागितली. अखेर २०२० साली ती हाडे परत आली आणि मेसा वर्देच्या मातीत पुन्हा पुरली गेली. आपल्या आजोबा-पणजोबांना कुणी असे उचलून नेले, तर आपल्याला काय वाटेल?

१९०६ साली अमेरिकेच्या सरकारने मेसा वर्दे राखीव केले आणि जुन्या वस्तू नेण्याविरुद्ध कायदाही केला. पण रखवालदार किती ठिकाणी पुरणार? जुनी जागा टिकते ती पाहुण्यांच्या शहाणपणावर. मेसा वर्देला जा, नाहीतर आपल्या जवळच्या लेण्यांत वा गडावर जा. पाहुण्याची रीत एकच.

विचार करा, सांगा

१. झाडाच्या खोडावरून दुष्काळ कसा कळतो?
२. कड्यातल्या घरांना पाणी कुठून मिळे?
३. आपल्या गावाजवळ जुनी जागा कोणती आहे? तिची काळजी कोण घेते?