ताई-दाजींना जपानसाठी कोणतं गाइडबुक द्यावं?

प्रश्न : माझी ताई आणि दाजी येत्या मार्चअखेरीस जपानला जाताहेत. दोघंही निवृत्त आहेत. टूर कंपनीबरोबर न जाता स्वतःच टोकियो, क्योटो आणि हिरोशिमा बघणार आहेत. मार्चच्या मध्यावर त्यांच्या लग्नाचा वाढदिवस असतो, तेव्हा छापील गाइडबुक भेट द्यावं असं मनात आहे. माझा मुलगा म्हणतो, सगळं मोबाइलवर मिळतं, पुस्तकावर पैसे कशाला घालवता? द्यावं का? आणि दुकानात चार-पाच पुस्तकं समोर आली, तर निवड कशी करायची?
— एक वाचक, सातारा

उत्तर : जरूर द्या. मुलाचं म्हणणं अर्धं खरं आहे. गाडी कोणत्या फलाटावर लागणार, आज पाऊस पडणार का, हे मोबाइललाच विचारावं. पण ज्या ठिकाणाचं नावच आपण ऐकलेलं नाही, त्याबद्दल विचारणार तरी काय? पुस्तकात हिरोशिमा वाचताना पुढच्याच पानावर मियाजिमा बेट भेटतं. तिथल्या देवळाचं भलंथोरलं तांबडं प्रवेशद्वार भरतीच्या वेळी समुद्रात उभं असतं. ते वाचून ताई म्हणेल, इथे एक मुक्काम करूया. छापील पुस्तकाची खरी किंमत अशा वेळी वसूल होते.

आता निवड. मुखपृष्ठावर फुजी पर्वताचा फोटो कितीही देखणा असो, पुस्तक हातात घेतल्यावर आधी आवृत्तीचं साल पाहा. माहिती गोळा करणं, लिहिणं आणि छपाई यांत बराच काळ जातो, त्यामुळे आतला मजकूर त्या सालापेक्षाही थोडा जुनाच असतो. जपानच्या बाबतीत हा फरक महागात पडू शकतो. परदेशी पर्यटकांसाठी तिथे जेआर पास नावाचा रेल्वेचा पास मिळतो. सात दिवसांचा साधा पास 29,650 येनला मिळायचा. ऑक्टोबर 2023 मध्ये तो एकदम 50,000 येन झाला. टोकियो ते क्योटो बुलेट ट्रेनचं एका बाजूचं तिकीट साधारण 14,000 येन पडतं. म्हणजे जुन्या दरात नुसतं जाऊन-येऊन पासाचे पैसे जवळजवळ वसूल व्हायचे. आज तेवढ्यासाठी पास घेणं हा निव्वळ तोटा आहे. जुनी गाइडबुकं मात्र ‘पास आधी घ्या’ असंच सांगतात. म्हणून दुकानात उभ्या उभ्या पासाचं पान काढा आणि दर बघा. जुना आकडा दिसला तर पुस्तक खाली ठेवा. टोकियोच्या मासळी बाजाराचंही तसंच. माशांचा प्रसिद्ध लिलाव 2018 च्या ऑक्टोबरात त्सुकिजीहून तोयोसूला हलला. पुस्तक अजून लिलावासाठी त्सुकिजीला धाडत असेल, तर ते कुणालाही भेट देऊ नये.

दुसरी परीक्षा ताटाची. ताई-दाजी शाकाहारी आहेत का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असतील तर हे फार महत्त्वाचं. मागच्या सूचीत ‘शाकाहार’ शोधा आणि त्या पानावर ‘दाशी’चा उल्लेख आहे का ते बघा. दाशी म्हणजे जपानी स्वयंपाकाचा पायाभूत रस्सा. तो बहुधा सुकवलेल्या बोनिटो माशाचे पापुद्रे उकळून करतात. भाजीच्या सुपात, नूडल्सच्या वाडग्यात, पुष्कळदा साध्या उकडलेल्या भाजीतही तो असतो, आणि वर मासा कुठेही दिसत नाही. ‘जपानमध्ये टोफू मिळतो, काळजी नसावी’ एवढ्यावर गुंडाळणारं पुस्तक शाकाहारी माणसाच्या कामाचं नाही. दाशी समजावून सांगणारं, बौद्ध मठांतल्या शोजिन र्‍योरी या शाकाहारी जेवणाचा पत्ता देणारं आणि ‘मी मासे-मांस खात नाही’ हे वाक्य जपानी लिपीत छापणारं पुस्तक घ्या. ते वाक्य हॉटेलात बोट ठेवून दाखवता येतं. ठिकाणांची नावं जपानी लिपीतही असतील तर टॅक्सीवाल्याला दाखवायला सोयीची पडतात.

लेखक किती काटेकोर आहेत हे पारखायची एक युक्ती मला फार उपयोगी वाटते. त्याच मालिकेतलं भारताचं पुस्तक उघडा आणि आपल्या मुलखाचं पान वाचा. अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात, वेरूळची मंगळवारी. हा फरक नीट नोंदवणाऱ्या मालिकेवर परक्या देशातही विसंबायला हरकत नाही. जपानमधली पुष्कळशी संग्रहालयं सोमवारी बंद असतात आणि सोमवारी सार्वजनिक सुट्टी आली तर मंगळवारी. ही ओळ तुमच्या पुस्तकात हवीच.

मालिकांचे स्वभाव वेगवेगळे आहेत. स्वतःच्या पायांनी फिरणाऱ्यांसाठी लोन्ली प्लॅनेट सोयीचं. इतिहास-समाजाबद्दल सविस्तर वाचण्याची हौस असेल तर रफ गाइड्स. डीकेची पुस्तकं चित्रमय असतात, वास्तू आतून उघडून दाखवतात. टूरबरोबर जाणाऱ्यांना मी तीच सुचवते, कारण हॉटेल आणि बस त्यांना शोधायची नसते. तुमच्या ताई-दाजींना पहिल्या प्रकारातलं द्या. संपूर्ण जपानचा ठोकळा मात्र टाळा. होक्काइदो आणि ओकिनावाची शेकडो पानं पाठीवर वाहायची कशाला? टोकियो-क्योटो-हिरोशिमा भागापुरतं पातळ पुस्तक मिळालं तर उत्तम. अक्षराचा आकार आणि नकाशावरची रस्त्यांची नावं चष्म्यातून वाचता येतात का, हे तिथेच बघून घ्या. फुटपाथवरच्या स्वस्त नकली प्रतींत नेमके नकाशेच फिकट निघतात.

सोबत पु. लं.चं ‘पूर्वरंग’ही द्या. त्यातला जपान साठ वर्षांपूर्वीचा आहे, त्यामुळे वाट विचारायला त्याचा उपयोग नाही. पण तिथल्या माणसांबद्दल कुतूहल जागवायला मराठीत त्याहून चांगलं पुस्तक मला माहीत नाही.

आणि लग्नाच्या वाढदिवसापर्यंत थांबू नका. मार्चअखेर म्हणजे साकुराचा, चेरी फुलण्याचा हंगाम. क्योटोतल्या परवडणाऱ्या खोल्या फार आधीच भरून जातात. निघायला दहा दिवस उरले असताना पुस्तक हाती पडलं, तर मियाजिमाचा तो मुक्काम वाचूनही करता येणार नाही. दिवाळीत भाऊबीजेला ताईच्या हातात द्या, सोबत एक पेन्सिल ठेवा, आणि वाढदिवसाला दुसरं काहीतरी घ्या.